मोठी गाडी, घरचं काम

हलकी गाडी पेट्रोल कमी पिते आणि किस्से अजिबात देत नाही. वडिलांची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल मी कॉलेजपासून चालवते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एकच वाक्य आहे, ती चालू होते. महांतेशनं मात्र भली थोरली टूरिंग मोटारसायकल घेतली आणि आमच्या तिघांकडं इतके किस्से साठले, की टपरीवर आता चहा आधी संपतो.

तिघं म्हणजे महांतेश, श्रीनिवास आणि मी, एकाच कॉलेजातले. महांतेशला हिमालयात जायचं होतं, म्हणून त्यानं ही गाडी घेतली. ती दारात आली त्या दिवशी त्याच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, मी बराच वेळ समजावलं. तरुण माणसानं लांब गेलं पाहिजे, देश बघितला पाहिजे, घर-ऑफिस-घर म्हणजे आयुष्य नव्हे.

अप्पांचं शेंगा चटणीचं दुकान आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दळण कुटं ठिवायचं?"

तिथंच अट ठरली. दसऱ्यापर्यंत या गाडीनं घरचं एक तरी काम धड करून दाखवायचं. नाहीतर ती विकायची आणि माझ्या गाडीसारखी हलकी आणायची. महांतेश लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, एक काम तर आहे!

*

महांतेशचं घर साखर पेठेत. त्यांच्या गल्लीत माझी गाडी जागच्या जागी वळते. त्याची वळत नाही, आणि तिला रिव्हर्सही नाही. त्यामुळे रोज सकाळी तो ऑफिसला निघाला की शेजारचे दोघं-तिघं दात घासत बाहेर येतात, गाडीला मागून धरतात आणि कोपऱ्यापर्यंत उलटी ओढत नेतात.

मी एकदा हे बघितलं आणि भारावून गेले. आजच्या काळात अशी एकजूट कुठं दिसते, असं मोठ्यानं बोललेही. शेजारच्या मल्लूकाकांनी तोंडातला ब्रश बाहेर काढला.

"एकजूट कसली ओ ताई. ही मधी उभारली की आमाला जाता येत न्हाय."

*

पहिलं काम अर्थातच दळणाचं निवडलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आहेत. पाणी जात नाही, धूळ जात नाही. महांतेशनं ज्वारीची पिशवी एका पेटीत ठेवली, झाकण दाबलं, खट्‌ आवाज झाला. गिरणीवर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पेटीची किल्ली वेगळी असते आणि ती घरी खुंटीला आहे.

गिरणीवाल्यानं पेटी वाजवून बघितली आणि बांधणी मजबूत असल्याचं सांगितलं.

महांतेशनं मला फोन केला. मी त्याच्या घरून किल्ली घेऊन गेले, पेटी उघडली, ज्वारी दळली, पीठ पुन्हा पेटीत ठेवून महांतेश ऐटीत घरी आला. मी मागोमाग. अप्पा दारातच उभे होते. त्यांनी त्याला काही विचारलं नाही, मला विचारलं. "किल्ली कुठल्या गाडीवरनं गेली?"

मी तत्त्वाची माणूस. खरं ते सांगितलं.

"मग दळण त्या गाडीनं झालं," अप्पा म्हणाले आणि आत गेले. महांतेश त्या आठवड्यात माझ्याशी बोलला नाही.

*

दुसरी संधी अव्वांची, म्हणजे महांतेशच्या आईची. कुंभारीला त्यांच्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. मोठ्या गाडीची सीट उंच, अव्वांचे गुडघे दुखरे. पण घरासमोर दगडी कट्टा आहे. अव्वा कट्ट्यावर उभ्या राहिल्या, महांतेशनं गाडी शेजारी लावली, त्या आरामात बसल्या. अप्पांनीसुद्धा मान डोलावली.

कुंभारीत कट्टा नव्हता. मोकळं अंगण.

महांतेश म्हणाला, उतर, मी धरतो. अव्वांनी विचारलं, "उतरले तर परत चडायचं कसं?" महांतेशनं अंगणभर कट्टा शोधला. श्रीनिवास स्कूटर घेऊन सोबत गेला होता, पण तिच्यावरून परतल्या असत्या तर काम स्कूटरच्या नावावर गेलं असतं.

शेवटी बारसंच अंगणात आलं. बायकांनी अव्वांना गाडीवरच हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, घुगऱ्या दिल्या. बाळाला वर त्यांच्या मांडीवर दिलं, अव्वांनी त्याला कुंची घातली. एका आजींना वाटलं गाडीचीच पूजा आहे, म्हणून त्यांनी हेडलाइटला कुंकू लावलं.

घरी आल्यावर अव्वा खूश होत्या. वरून सगळं छान दिसलं म्हणाल्या. अप्पांनी एवढंच विचारलं, "उंबरा वलांडला का?"

"न्हाय."

"मग गेली न्हाईस तू."

पुढच्या सोमवारी अव्वा सिटी बसनं पुन्हा कुंभारीला जाऊन आल्या.

*

मध्ये एका मित्राचं लग्न नातेपुत्याला होतं. रस्त्यावर महांतेश वाऱ्यासारखा दिसेनासा व्हायचा आणि पुढच्या चहाच्या गाड्यापाशी आमची वाट बघत बसलेला सापडायचा. आम्ही तिघं एकाच वेळी पोचलो. फरक एवढाच की त्याच्या पोटात चहा जास्त होता.

जिथं थांबू तिथं लोक गाडीभोवती जमायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "किती देती?" माझं डोकं फिरायचं. गाडी कुठवर नेईल हे कुणी विचारत नाही, लिटरला किती देते हेच सगळ्यांना हवं! अशानं हा समाज पुढं कसा जाणार, असं मी माळशिरसच्या एका टपरीवर चांगलंच सुनावलं. टपरीतल्या म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि महांतेशला विचारलं, "पर देती किती?"

महांतेशनं खाली बघत आकडा सांगितला. म्हाताऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. मग त्यानं महांतेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"असूं द्या. पदरी पडलं, पवित्र झालं."

*

दसरा तोंडावर आला. घरचं एकही काम गाडीच्या नावावर नव्हतं. अप्पा शब्दाचे पक्के, त्यांनी मोहोळचं गिऱ्हाईक बघून ठेवलं. रविवारी सकाळी एक तरुण ठेकेदार आणि त्याचे मामा आले. महांतेशनं गाडी धुऊन पुसून ठेवली होती आणि तरी पुन्हा पुसत होता. मी भाषण तयार करून आले होते. श्रीनिवासनं ते पोटातच ठेवायला सांगितलं.

मामांनी गाडी बघितली, टायर दाबले आणि रीतीप्रमाणं घरच्या मोठ्या माणसाला विचारलं, "आण्णा, गाडी कशी हाय?"

अप्पा अडकले. त्यांच्या दुकानाचा एक नियम आहे. रोजची चटणी आधी स्वतः चाखायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची. न चाखलेल्या मालाबद्दल ते चांगलंही बोलत नाहीत, वाईटही बोलत नाहीत.

"मी बसलो न्हाय अजून," ते म्हणाले. "बसल्याबिगर कशी सांगू?"

त्यांनी टोपी घट्ट केली, कट्ट्यावरून महांतेशच्या मागं बसले आणि नाक्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले. पाहुण्यांना चहा दिला. मग पोहे दिले. मग अव्वांनी चुलीवर तवा ठेवला. आम्ही महांतेशला फोन लावत होतो, पण तो उचलत नव्हता.

भाकरी व्हायला आल्या तेव्हा अव्वांचा फोन वाजला. अप्पा होते. श्रीनिवासनं स्पीकर लावून कुठं आहात विचारलं.

"विजापूरच्या फुडं."

अव्वांनी तवा खाली उतरवला. मामा जुने व्यवहारी माणूस. त्यांनी फोन हातात घेतला आणि नम्रपणे विचारलं, "मग आण्णा, गाडी कशी म्हणायची?"

पलीकडं नुसताच वारा ऐकू येत होता. मग अप्पांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"तुमी जेवून घ्या. मी अजून चाखतोय."