मोनिकाबायची मूठ

माझी मोठी बहीण मोनिका, आमची बाय, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता वसईजवळच्या गिरीजमधल्या राहत्या घरी वारली. वय चौऱ्याहत्तर. आदल्या संध्याकाळी ती केळीच्या वाडीला पाणी सोडून आली होती. ती गेली त्या रात्री घरी रोझरीच्या जपासाठी तिचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं, तेव्हा त्यात एक चिठ्ठी सापडली. तिच्या अक्षरात, देवनागरीत एक इंग्रजी वाक्य: ‘इन अवर व्हिलेज एव्हरीबडी गिव्ह्‌ज सॉइल.’

ते वाक्य मीच तिला फोनवर सांगितलं होतं. नवरा गेल्यावर ती मुलाकडे, रॉबिनकडे, टोरंटोजवळ राहायला गेली. चार वर्षं राहून गावी परतली. पहिल्याच वर्षी तिथल्या चर्चमधला एक म्हातारा शेजारी वारला. बाय दफनाला गेली. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरली की प्रत्येक जण मूठभर माती टाकतो आणि मगच हलतो. तिथे पेटी वरच ठेवून प्रार्थना झाली, फुलं वाहिली गेली आणि लोक गाड्यांकडे वळले. उकरलेली माती दिसू नये म्हणून तिच्यावर हिरवी चटई पसरली होती. बायने थोडी वाट पाहिली… मग वाकून चटईचा कोपरा उचलला, मूठ भरली आणि पेटीवर टाकली. चकचकीत लाकडावर ढेकळं वाजली. सगळे मागे वळले. काळ्या सुटातल्या माणसाने पुढे होऊन रुमालाने पेटी पुसली. रॉबिनने तिचं कोपर धरलं. ‘मम्मी, प्लीज. इथे असं नाही करत.’ नंतरच्या जेवणाला ती उजवा हात कोटाच्या खिशात ठेवून बसली आणि डाव्या हाताने जेवली.

शनिवारी तिचा फोन आला. ‘रॉबिन म्हणतो, दोन-तीन रविवार घरीच थांब, लोक विसरतील. आता थांबले तर कायमचीच घरात बसेन. मला एक इंग्रजी वाक्य दे. मोठं नको.’

‘सॉरी म्हण आणि मोकळी हो,’ मी म्हणालो.

‘सॉरी कशाला? माती दिली, दगड नाही मारला. एवढी वर्षं पेपरात काय लिहीत होतास रे?’

मी वाक्य सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि अकरा वेळा म्हणून दाखवलं. नवव्या वेळी ते बरोबर आलं होतं.

पुढचं रॉबिनने सांगितलेलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर ती त्या शेजाऱ्याच्या बायकोसमोर, मार्गरेटसमोर जाऊन उभी राहिली. रॉबिन दहा पावलं मागे, गाडीची किल्ली हातात घेऊन. बायने वाक्य म्हटलं. मार्गरेटने बायचा उजवा हात हातात घेतला. म्हणाली, मलाही थांबायचं होतं, पण थांबतात की नाही ते ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात दोघी दफनभूमीत गेल्या. खड्डा केव्हाच बुजला होता. मार्गरेटने वरून मूठभर माती टाकली. चार वर्षांत बायने एकही रविवार चुकवला नाही.

बायचं दफन गुरुवारी झालं, रॉबिन पोहोचल्यावर. पहिली मूठ त्याची. रांग संपली, फावडी घेतलेली माणसं पुढे आली, तेव्हा तो पुन्हा वाकला.

‘तुझी झाली ना रे?’ मी विचारलं.

‘ही मार्गरेट आंटीची, मामा. तिने फोनवर सांगितलंय.’

खड्डा भरेपर्यंत तो तिथून हलला नाही. चिठ्ठी आता त्याच्याकडे आहे.