नाखूष आबा

आबांना 'खुशाल आहात ना?' असं विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. एखादा नवखा पाव्हणा विचारून बसायचा. आबा त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलायचे आणि म्हणायचे, "नाखूष." पुढे एक अक्षर नाही. निजामाच्या राज्यात तहसीलच्या शिपायालाही लोक वाकून सलाम करत. हा गृहस्थ जिल्ह्याच्या तालुकदारापासून गावच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांवर उघड नाखूष होता. गावाने त्यांचं नावच 'नाखूष आबा' ठेवलं होतं, आणि त्या नावाचाही त्यांना अभिमान होता.

मी तेव्हा नांदेडजवळच्या त्या गावात बदलून आलेला मास्तर. पोरांना मराठी आणि उर्दू शिकवायचो. आबांच्या लेखी मी म्हणजे सरकारचं मीठ खाणारा इसम. "मास्तर, तुमी निमे सरकारी," ते म्हणायचे, "आन् उरलेले निमे कुनाचे, ते तुमालाच ठाव न्हाई." तरी रोज संध्याकाळी मला ओट्यावर बोलवायचे, चहा पाजायचे आणि कप रिकामा होईस्तोवर माझा पाणउतारा करायचे. खोटं कशाला बोलू, एखाद्या दिवशी बोलावणं आलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

या नाखुशीची कथा मला काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोने सांगितली. आबांच्या मळ्यात चिरेबंदी विहीर होती, भर उन्हाळ्यातही न आटणारी, आणि तिच्या जिवावर केळीची बाग. नांदेडच्या वीजघरातून नदीकाठच्या जिनिंगला तारा न्यायचं ठरलं. आबा कंधारला लग्नाला गेले होते, तेवढ्यात खांब रोवणारी टोळी आली. आबा परत येऊन बघतात तो खांब नेमका मोटेच्या धावेत. मोट ओढताना बैल ज्या उतरत्या वाटेने पुढं-मागं चालतात, तिच्या बरोब्बर मध्ये. काकी टोळीला आडव्या गेल्या होत्या. मुकादमाने त्यांना नकाशा दाखवला होता. नकाशात तिथं विहीरच नव्हती.

"बैलानं आता खांबावर चढून मोट वढावी का?" आबा येईल-जाईल त्याला विचारत सुटले.

मग मुआवजा, म्हणजे नुकसानभरपाई, ठरवायला महसुलाचा गिरदावर आला. ज्यांच्या ज्यांच्या जमिनीतून तारा गेल्या त्या सगळ्यांना त्याने चावडीत बसवलं आणि उर्दूतला कागद भराभरा वाचला. एकेकाचं नाव, जमिनीचा नंबर, आणि पुढे 'अराजी खुश्की'. आबांच्या नावापुढेही तेच आलं, आणि आबा ताडकन उठले. "कोन म्हन्लं आमी खुशीनं जागा देली? लिव्हा तिथं, नाखूष."

"लिख देतूँ पटेल, नाखूश," गिरदावर हसून म्हणाला, आणि त्याने खरंच लिहिलं. बाकीच्यांनी निमूट अंगठे उठवले आणि हातावर पडलं ते घेऊन घर गाठलं. लोकर कापताना मेंढरंसुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त ओरडतात, असं आबा म्हणायचे. आबांनी अंगठा दिला नाही.

तिथून अर्जांची माळ सुरू झाली. नांदेडच्या कचेरीबाहेर झाडाखाली एक अर्जनवीस बसायचा. आबा सांगायचे, "लिव्हा, इहिरीची धाव गेली, आन् जागा खुशीनं देली न्हाई." तो मान डोलवून तसंच लिहायचा. कचेरीतून उत्तर यायचं, की अराजी खुश्की आहे, सबब अर्ज नामंजूर. तो ते वाचून दाखवायचा आणि आबा कडाडायचे, "बगा, पुन्ना तेच. खुशी है म्हनून ऱ्हायलंय लेकाचं." आणि त्याच बैठकीत पुढचा अर्ज. त्या अर्जनविसाला खरा प्रकार पहिल्याच दिवशी कळला असणार याविषयी मला शंका नाही. पण गिऱ्हाईक शहाणं करून त्याची चूल कशी पेटणार?

लेकांनी हात जोडले, "आबा, इहिरीच्या त्या अंगाला दुसरी धाव बांधू." आबा ऐकतील तर शपथ. "दुसरी धाव बांधली म्हंजी खांबाला आमची खुशी झाली," हा त्यांचा कायदा. तिकडे डोळ्यांदेखत पाणी भरलेली विहीर, आणि इकडे केळी वाळून झाडांच्या चिंध्या झाल्या. मी गावात आलो तेव्हा बागेच्या जागी तुरी होत्या आणि विहिरीत पारवे. काकी म्हणायच्या, "आमच्यात दोन खांब हायत, मास्तर. एक मळ्यात आन् एक वट्ट्यावर." आबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

कागदांचं बोचकं त्यांनी मला कधी दाखवलं नाही. सरकारी माणसाच्या हाती कागद द्यायचा नाही, हा दुसरा कायदा. पण एकदा उत्तर आलं आणि वाचायला अर्जनवीस नव्हता. तो लेकाकडे हैदराबादला निघून गेला होता. काकींनी अख्खं बोचकंच माझ्यापुढे आणून टाकलं. "वाचा. मी सांगून ऱ्हायले ना." आबांनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

मी एक कागद वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला आणि म्हणालो, "आबा, हे खुशी नाही. खुश्की आहे. अराजी म्हणजे जमीन, खुश्की म्हणजे कोरडवाहू. तुमची जमीन कोरडवाहू आहे, तिच्यात विहीरच नाही, म्हणून विहिरीचा मुआवजा नाही, असं ते इतकी वर्षं सांगतायत. विहिरीची नोंद दाखवा, असंही लिहिलंय."

"नोंद कुठली?" काकी म्हणाल्या. "ह्यांनीच पटवाऱ्याला धरून इहीर कागदावर चढू देली न्हाई. बागायत लागंल, सारा वाढंल म्हनून."

मी हसलो. साधासुधा नाही, पोट धरून हसलो. इतक्या वर्षांच्या पाणउताऱ्याचं उट्टं निघालं होतं, का सोडू? गाव मेंढरं, गिरदावर चोर, मास्तर निमा, आणि शेवटी सगळ्यात मोठं गाढव कोण निघालं? मी आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मळ्याच्या दिशेने बघत होते.

"म्हंजी नकाशात इहीर न्हवती ती माज्यामुळंच," ते हळू म्हणाले. "खांब मीच रोवला."

माझं हसू तिथंच विरलं. त्या दिवशी चहा झाला, पण मला कुणी शिव्या दिल्या नाहीत.

पुढच्या जमाबंदीला, म्हणजे साऱ्याचा वर्षाचा हिशेब होतो त्या बैठकीला, गिरदावर तोच होता. तोवर विहिरीची एक बाजू ढासळून आत गेली होती. आबा चावडीत उभे राहिले. "माज्या नंबरात एक इहीर हाय. लिव्हून घ्या."

गिरदावर चमकला. "पटेल, सारा बढ़ जाता. पिछला भी भरना पड़ता. और मुआवजा तो अब नक्को पूछो, मुद्दत निकल गई."

"ठाव हाय."

"फिर कायकू लिखवा रैं? बावड़ी तो गिर गई."

"मी तिला चोरून ठिवली म्हनून ती मेली," आबा म्हणाले. "मेल्यावर तरी तिचं नाव लागू द्या."

गिरदावराने टाक दौतीत बुडवला. मग त्याला जुनी गंमत आठवली असावी. मान वर करून त्याने विचारलं, "अपनी खुशी से?"

चावडी कान टवकारून बसली.

"खुशीनं," ते म्हणाले.

गाव फिदीफिदी हसलं. वर्षानुवर्षं अंगठे उठवणाऱ्यांना त्या दिवशी कुठून कंठ फुटला कोण जाणे. मला त्यांची किळस आली, आणि मग आठवलं की आबांना सगळ्यात आधी मीच हसलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. त्या नंबराच्या उताऱ्यावर अजून 'विहीर एक' असं लिहिलेलं आहे. मळ्यात जाऊन पाहिलं तर खांब एक आहे.