सेल काढायचा नाही

कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकलं की किस्से आपोआप साचत जातात. हिंगोलीत मी आणि कळमनुरीकडच्या तांड्यावरचा राठोड, दोघांनी मिळून बारा वर्षं दुकान चालवलं. आता शटर कायमचं खाली आहे, राठोड पुण्यात आहे. किस्से तेवढे माझ्याकडे राहिले. पूर्वी सांगताना हसू यायचं, हल्ली येत नाही.

*

सुरुवातीच्या मशीनला आपली हार्डडिस्क केवढी आहे हेसुद्धा सांगावं लागायचं! मशीन सुरू होताना सेटअपच्या निळ्या स्क्रीनमध्ये जाऊन डिस्कचे आकडे भरायचे. आतल्या बोर्डावरचा बटणाएवढा सेल उतरला की मशीन ते विसरायचं. म्हणून राठोड ते आकडे पेन्सिलीने मशीनच्या डब्यावर, कॅबिनेटवरच लिहून ठेवायचा.

एका ऑफिसात शिपायाने दसऱ्याला कॅबिनेट ओल्या फडक्याने लख्ख पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पुढच्याच आठवड्यात सेल उतरला. पेन्सिलीचे आकडे पुसले गेलेले, आणि डिस्कवरचं लेबल तर कधीच गळून गेलेलं. साहेब शिपायावर उखडले.

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, पूजेला मळकं कसं ठेवू?"

पंधरा दिवस मशीन झेंडूसकट बंद पडून होतं. शिपायाची बदली झाली ती वेगळीच.

*

सेल गेला की तारीखही थेट १९८० वर जायची. एका क्लासवाल्याने तशीच सर्टिफिकेटं छापली. मुलाखतीत एका पोरीला विचारलं, "जन्माच्या दोन वर्षं आधीच पास झालात?"

ती रडतच दुकानात आली. राठोडने सेल बदलला, क्लासवाल्याने नवं सर्टिफिकेट दिलं. तोवर नोकरी दुसऱ्याला लागली होती.

*

राठोडचा इलाज एकच. काहीही बिघडो, सेटअपमध्ये जा, डिफॉल्ट, म्हणजे कंपनीची मूळ सेटिंग, लोड कर, मशीन पहिल्यासारखं!

त्याचा थोरला भाऊ दारूला लागला, तेव्हा राठोड एकदा त्या निळ्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मानसाला असं एक बटन काहून न्हाई दिलं?"

मी चहा सांगितला.

*

हट्टा गावचे एक रिटायर गुरुजी होते. त्यांचा एकच मुलगा नांदेड रोडवर अपघातात गेला. बापलेकात दोन वर्षं बोलणं नव्हतं. मुलाने आपल्या मशीनला सुरू होतानाच विचारणारा पासवर्ड लावलेला. लोक असा पासवर्ड बहुतेक जवळच्याच कोणाच्या नावाचा ठेवतात. गुरुजी मशीन घेऊन आमच्याकडे आले.

राठोड म्हणाला, "सेल काढला की दोन मिनिटांत पासवर्ड उडतो, गुरुजी."

"उडवायचा न्हाई. त्यानं कोणाचं नाव ठेवलंय, ते बघायचंय मला."

मशीन दुकानातच राहिलं. गुरुजी दर आठवड्याला एसटीने यायचे, खिशात नावांची चिठ्ठी. तीन नावं चुकली की मशीन अडायचं. मग बंद-चालू, पुन्हा तीन. त्याच्या आईचं नाव, बहिणीचं, भाचीचं, मित्रांची, देवांची. सगळी चुकली. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर चिठ्ठी संपली. राठोड हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमचं नाव टाकून बघितलं न्हाई आजून."

गुरुजींनी कीबोर्ड जवळ ओढला. एक अक्षर दाबलं, स्क्रीनवर एक चांदणी उमटली. मग हात मागे घेतला.

"राठोड, बांधून दे बाबा मशीन."

"काहून गुरुजी? आता येकच नाव राहिलंय."

"व्हय, येकच राहिलंय," गुरुजी म्हणाले. "ते बी नसलं तर?"