त्यांच्या वाट्याची ओळ

संकठा घाटावरच्या गल्लीतलं हे घर आम्हाला आडनावावर मिळालं. यांची रेल्वेतली बदली बनारसला झाली, तेव्हा कानावर चार शब्द मराठी पडावेत म्हणून क्वार्टर सोडून हे इथल्या मराठी वस्तीत घर शोधत फिरले. मराठी आडनाव ऐकून घरमालक खूश. धर्म विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही आणि आम्ही ख्रिस्ती, हे आम्हीही आपणहून सांगितलं नाही. पहिल्याच संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो आणि भिंतीपलीकडच्या काकूंना सगळं कळलं. काकू म्हणजे एका पुरोहिताच्या विधवा. सकाळी दारात येऊन म्हणाल्या, "पहिले सांगायचं नाही होय?" पुढे अकरा वर्षं त्या आमच्याकडे पाणी प्यायल्या नाहीत. मीही विचारणं सोडून दिलं.

आमची प्रार्थना वाटून घेतलेली होती. नगरकडे यांच्या घरची तीच रीत. प्रभूने शिकवलेली प्रार्थना जेवणाआधी म्हणायची, एक ओळ घरधन्याची, पुढची घरच्यांची. रोजची भाकर मागायची ओळ माझ्याकडे आली होती, अपराधांची क्षमा मागायची यांच्याकडे. "तुझ्या चुकांची माफीसुद्धा रोज मलाच मागावी लागते," हे चिडवायचे. मी म्हणायची, मग मागा की, सवय आहे तुम्हाला.

गेल्या वर्षी यांना कावीळ झाली आणि बघता बघता यकृतच कामातून गेलं. डॉक्टर स्पष्ट काही बोलेनात. आमच्या चर्चच्या मंडळीने उपास धरले. तिथले धर्मगुरू, आमचे पाळक, खाटेशी उभे राहून ठणकावून म्हणाले, "विश्वास रखिए बहन, भाई उठेंगे." मी विश्वास ठेवला. असा ठेवला की पुण्याला शिकणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, येऊ नकोस, परीक्षा दे, बाबा उठणार आहेत. ती रडून विचारत होती, "आई, येऊ ना?" मी म्हटलं, तू आलीस तर माझा विश्वास डळमळला असं होईल. हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

चार दिवसांनी हे गेले. मुलगी आली ती थेट कबरस्तानात.

मंडळीतली एक बाई गळ्यात पडून म्हणाली, "विश्वास में कहीं कमी रह गई होगी." तिला ढकलून द्यावंसं वाटलं. घरी आले तर काकू जिन्यात. "काशीत मरण आलं, आणि मातीत घातलंत?" एकीने विश्वासात खोट काढली, दुसरीने मातीत. मुलगी तिसऱ्या दिवशी परत गेली. फोन केला की हो, नाही, ठेवते. मी देवाशीही तेवढंच बोलायचं ठरवलं, आणि मग तेही बंद केलं.

महिन्याभराने संध्याकाळी काकू दाराशी आल्या. उंबऱ्याबाहेरच.

"अगं, तुझी प्रार्थना का बंद आहे?"

"तुम्हाला काय करायचंय काकू?"

"मी त्यावरच बी.पी.ची गोळी घेते. तुमचं आमेन झालं की गोळी. आता रोज छूटते. काल तर चक्कर आली."

मला हसू आलं आणि संतापही आला. माझा संसार बुडाला आणि या बाईला घड्याळ हवं होतं. म्हटलं, घ्या, तुमच्या गोळीसाठी म्हणते. तिथेच पाटावर बसले आणि यांची ओळ, माझी ओळ करत एकटीनेच म्हणू लागले. भाकर मागून झाली आणि जीभ अडली.

काकूंनी बाहेरूनच सांगितलं, "आता क्षमेची. ती ते म्हणायचे."

"तुम्हाला पाठ आहे तर तुम्हीच म्हणा."

"मी कशी म्हणू? मी काय ख्रिस्ती आहे? तू म्हण."

लग्न झाल्यापासून घरी ती ओळ मी एकदाही तोंडाने म्हटली नव्हती. म्हटली, आणि हुंदका फुटला. काकू आत आल्या नाहीत, पाठीवर हातही फिरवला नाही. आमेन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या आणि गोळी घ्यायला गेल्या.

डोळे पुसून मी मुलीला फोन लावला. "तुला येऊ दिलं नाही, ते माझं चुकलं," म्हटलं. देवाचं नाव मध्ये घेतलं नाही.

"मला यायचं होतं, आई," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवलीस का?"

आता दोन्ही ओळी मीच म्हणते. प्रार्थनेने अंगात बळ येतं म्हणतात ते एवढंच, उठून पाटावर बसण्यापुरतं. चर्चच्या देवळात जाते, शेवटच्या बाकावर बसते, पाळकांच्या तोंडाकडे बघवत नाही. क्षमेच्या त्या ओळीला पुढे एक शेपूट आहे, आम्हीही दुसऱ्यांना क्षमा करतो म्हणून. तिथे रोज अडते. मग मुलीचं ते 'जेवलीस का' आठवतं, आणि ओळ पुरी करते.