न फुटणाऱ्या बांगड्या

बांगड्या आणायचं काम माझ्याकडे आलं, तिथेच घोळ झाला. मेथी सांगितली की शेपू घेऊन येणारा माणूस मी. घरात कुणी मला एकट्याला बाजारात पाठवत नाही. पण मेव्हणीच्या दिराचा फोन नेमका मलाच आला. "पाव्हणं, दहाव्याला येताना नगरातनं हिरव्या बांगड्या आना. वहिनीच्या मापाच्या." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

माझे साडू सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते. पन्नाशीही गाठली नव्हती. कंपनीतून घरी आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. मेव्हणीही तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला जाते. दिवसभर खोकी भरायची, पट्ट्या लावायच्या, उचलून ठेवायची. पोरगी कॉलेजात आहे, सासू अंथरुणाला. घर आता तिच्या एकटीच्या हातांवर चालणार होतं. माझी बायको तिची थोरली बहीण, ती पहिल्या दिवसापासून तिच्याजवळच राहिली होती. म्हणून तर बांगड्यांचा निरोप माझ्या वाट्याला आला.

मला मात्र त्या निरोपाने बरंच वाटलं. त्यांच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असा ठराव केला होता. वेशीवर तसा फलकही आहे. मागे गेलो होतो तेव्हा मी त्या फलकाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता, जणू ठराव मीच मांडला होता. तर आता गाव तिच्या हातात बांगड्या भरणार आणि त्या तशाच ठेवणार, असं मी मनाशी धरून चाललो.

कासाराने दोन तऱ्हा पुढे ठेवल्या.

"ह्या काचंच्या. आन् ह्या दिसायला काचंच्या, पन आपटा, चेंगरा, फुटायच्या न्हाईत. कामाच्या बायका ह्याच नेत्यात."

"ह्याच द्या," मी म्हणालो. खोकी उचलणारी बाई, काच कशाला? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी गाडीला किक मारली.

दहावा गावाच्या तळ्यावर होता. कावळा लगेच शिवला. साडूंनी जिवंतपणीही कधी ताटासाठी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. मग दिराने माझ्या हातातली पिशवी घेऊन बायकांकडे दिली आणि सगळे पुरुष पाठ फिरवून उभे राहिले. मीही राहिलो. तिथे तसंच करतात, एवढंच मला कळलं. मागे बायका मेव्हणीला हिरवं लुगडं नेसवत होत्या. मी हळूच मान वळवली. हात कोपरापर्यंत भरलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, केसांत गजरा. गेले कित्येक दिवस ती भिंतीला टेकून बसली होती, आता लग्नात दिसली होती तशी दिसत होती.

मला भरून आलं. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणालो, "चांगलं केलं गावाने. ठराव पाळला."

त्याने माझ्याकडे बघितलं. परगावच्या माणसाला रस्ता सांगावा तसं तो सावकाश म्हणाला, "पाव्हणं, ठराव ग्रामपंचायतीत हाय. हितं दहावा हाय."

आणि मागून पहिला आवाज आला. ठक.

मी वाचनालयाचा जुना सभासद. कथा-कादंबऱ्यांत नवरा गेला की बाईच्या बांगड्या फुटतात, पुढच्या ओळीत पोरं रडतात आणि प्रकरण संपतं. अशा पानांवर मी डोळे पुसले आहेत, लिहिणाऱ्याच्या संयमाचं कौतुकही केलं आहे. दगड केवढा होता, तो कुणी उचलला, हात कुणी धरून ठेवला होता, हे कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. विचारावंसंही कधी वाटलं नाही. तिला सजवलं होतं ते ओरबाडून काढण्यासाठी, हे तळ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती सांगायची गोष्टच नव्हती.

ठक. ठक. मग थांबलं.

"फुटंना की गं," एक बाई म्हणाली.

"कशाच्या आनल्यात?"

"पाव्हण्यांनी आनल्यात."

मी पूर्ण वळलो. घाटाच्या पायरीवर मेव्हणीचा उजवा हात आडवा ठेवलेला, दोघी बायकांनी तो दंडाशी आणि बोटांशी धरलेला. माझी बायको तिच्या मागे, काखेत पिशवी धरून बसलेली. दगड होता तिच्या चुलत सासूच्या हातात. ही म्हातारी स्वतः तरणेपणी विधवा झालेली. साडूंच्या लग्नात तिनेच मला बळेबळे तिसरी पुरणपोळी वाढली होती. तिने दगड पुन्हा हाणला. बांगडी दबली, चपटी झाली आणि परत गोल झाली. मधे मनगट होतं. कातडी सोलपटली होती, हाडापाशी सूज चढायला लागली होती.

मला वाटलं होतं, अशा जागी आरडाओरडा असतो, कुणीतरी दुष्ट असतं. तिथे तसं कुणीच नव्हतं. म्हातारी प्रेमाने सांगत होती, "पोरी, हात सैल सोड. ताठ धरला की लई लागतं."

"उतरवून टाका ना," मी म्हणालो.

"उतरवायच्या नसत्यात पाव्हणं. फोडायच्या असत्यात."

"टेम्पोत पक्कड आसंल," पुरुषांतून कुणीतरी पाठमोऱ्यानेच सुचवलं. आणि टेम्पोवाला खरंच पक्कड आणायला निघाला. खिळा काढायचा असावा तसा.

आता मी काय केलं ते सांगतो. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे, पण ही मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही. मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "चूक माझी आहे. जरा थांबता का? मी सुप्याला जाऊन काचेच्या घेऊन येतो."

कुणी हसलं नाही. उलट दोघीतिघींनी माना डोलावल्या, पाव्हणा समजूतदार निघाला म्हणून.

मेव्हणीने पहिल्यांदा मान वर केली. "दाजी, नका जाऊ," ती म्हणाली. मग म्हातारीकडे वळली. "आत्याबाई, सोमवारी मला डूटीवर जायचंय. ह्यो हात ग्येला तर पोरीला काय घालू? तुमी घालनार हाय का?"

तिने हात ओढला. धरणाऱ्या दोघींनी सोडला, का सुटला, मला दिसलं नाही. तिने तो पदराखाली पोटाशी घेतला आणि तशीच बसून राहिली.

म्हातारी दगड मांडीवर ठेवून बसली. टेम्पोवाला पक्कड घेऊन आला आणि कुणाला द्यावी ते न कळून उभा राहिला.

"माज्या येळंला वरवंटा हुता," म्हातारी तळ्याकडे बघत म्हणाली. "ह्यो अंगठा तवापास्नं वळत न्हाई. मला कुनी डूटीवर बलावलं न्हवतं." मग ती म्हणाली, "मग कुकू तरी पुसू दे, माय."

मेव्हणीने कपाळ पुढे केलं. म्हातारीने तळव्याने कुंकू पुसलं, गजरा तोडून पाण्यात टाकला. बांगड्या राहिल्या. तिथून निघताना दिराने मला विचारलं, "जेवून जानार ना?" मी हो म्हणालो आणि जेवलोही.

संध्याकाळी बायकोला मागे बसवून नगरला निघालो. मेव्हणीला आधी सुप्याच्या दवाखान्यात दाखवलं होतं. हाड मोडलं नव्हतं, पट्टी बांधून दिली होती. मी काचेच्या आणायला निघालो होतो, त्यावर बायको आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी रस्ताभर खांदे आवळून गाडी चालवत होतो. घरी पोचलो. तिने चहा टाकला, माझ्यासमोर कप ठेवला.

"तुम्हाला सुप्याला जायची गरज नव्हती," ती म्हणाली. "काचेच्या माझ्या पिशवीत होत्या. भाऊजी गेल्याचा फोन आला, तेव्हाच घरातून घेऊन निघाले होते. लागतील म्हणून."