दुसऱ्या रिळावरचं शेवटचं गाणं

कंपनीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत, कुलूपराव. तळघरातल्या टेपांच्या भांडाराची किल्ली ते कमरेला बांधून हिंडत आणि झोपेतही ती सोडत नसावेत, असा लोकांचा दाट संशय होता. खुद्द मोठ्या साहेबांनी एकदा जिन्यावरून सांगितलं, "अहो, ते परवाचं रीळ जरा वर पाठवा," तर यांनी खालूनच उत्तर दिलं, "चिठ्ठी पाठवा, रीळ पाठवतो." साहेब हसले म्हणून निभावलं. दुसरे कुणी साहेब असते तर कुलूपराव त्याच दिवशी घरी बसले असते.

गाण्याची कंपनी होती ती. वर स्टुडिओ, गालिचे, गाणारे, वाजवणारे, त्यांचे रुसवेफुगवे. खाली हा एकटा माणूस, लोखंडी मांडण्या, त्यांवर उभी लावलेली टेपांची खोकी आणि कोपऱ्यात स्टुडिओने टाकून दिलेलं एक जुनं टेपमशीन. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की थराला थर चिकटतो. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक रीळ त्या मशीनवर चढवून या चाकावरून त्या चाकावर फिरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. गाणी ऐकणं हे काम नव्हे, आणि ते ऐकतही नसत. "गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही," असं छातीठोकपणे सांगत.

आणि अशा माणसाच्या पोटी गाणारी पोर यावी! एकुलती एक. कॉलेज संपता संपता तीन मैत्रिणींबरोबर तिने ग्रुप काढला आणि बापाच्याच कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. तो असा चालला की दुकानादुकानांतून, रिक्षांतून तेच. पण पुढे गाणारी वेगळी. ही मागे, कोरसात. शेजारीपाजारी कॅसेटच्या वेष्टणावरचा फोटो घेऊन यायचे आणि विचारायचे, "यातली तुमची कुठली हो?" मग तिची आई फोटोच्या कडेवर बोट ठेवायची.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी संगीतकाराने तिला एक गाणं अख्खं दिलं. तिचं एकटीचं. दुसऱ्या रिळावरचं शेवटचं, नववं गाणं. रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी ती धावतच घरी आली. आईने तिला मिठीच मारली. कुलूपराव चपला काढता काढता म्हणाले, "घसा जप. गार पाणी पिऊ नकोस." झालं! एवढंच. तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात, हे त्यांच्या बापाने त्यांना शिकवलेलं, आणि त्या बापानेही आयुष्यात दुसरं काही शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात वरचे साहेब बदलले. नव्यांनी तयार अल्बम ऐकला, अर्धाच ऐकला म्हणे, आणि म्हणाले, "आता असलं कोण ऐकतं?" खोक्यांवर शिक्का पडला: तूर्त स्थगित. हे तूर्त पुढे बत्तीस वर्षं चाललं. वाद्यं वेगळी, आवाज वेगळे, अशा ज्या सुट्या टेपा होत्या त्या रिवाजाप्रमाणे पुसून दुसऱ्या कामाला लागल्या. उरली जोडून तयार केलेली दोन रिळं. ती कुलूपरावांनी मांडणीवर लावली, वहीत नोंद केली. चौघी चार दिशांना पांगल्या.

आता गंमत बघा. मुलगी काम शोधायला निघाली तर जो तो विचारी, "तुझ्या एकटीच्या आवाजातलं काही आहे का?" आहे ना, होतं ना! पण ते बापाच्या तळघरात. एका दुपारी ती भांडाराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"बाबा, एक कॅसेट करून द्या. फक्त माझ्या गाण्याची. वर स्टुडिओत पाच मिनिटांचं काम आहे, त्या रेकॉर्डिस्टकाकांना मी विचारलंय."

"चिठ्ठी आण."

"चिठ्ठी देत नाहीत. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मग कसं देणार?"

"मी तुमची मुलगी आहे, बाबा."

"म्हणूनच," कुलूपराव म्हणाले.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटलं असावं, हा माणूस आता विरघळेल. हा माणूस वहीत डोकं घालून बसला. ती गेली. त्या वर्षात तिने आणखी चारदोन ठिकाणी खेटे घातले, मग एका दवाखान्यात टेलिफोनवर नोकरी धरली. दिवसभर "थांबा, जोडून देते" म्हणायचं. घरात गाण्याचा विषय निघेनासा झाला. बापाशी बोलणं तुटलं नाही, तेवढी ती वाईट नव्हती. पण औषधं, वीजबिल, पाहुणे यांच्यापलीकडे काही उरलं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. ती शेवटी शेवटी एकच म्हणायची, "अहो, एकदा पोरीचं ते गाणं ऐकवा ना हो." तेव्हा मात्र कुलूपरावांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः अर्ज केला. स्वच्छ अक्षरात, कारण देऊन. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर गेला. उत्तर आलं तेव्हा बायको जाऊन तीन आठवडे झाले होते. आणि उत्तरही काय, तर नकार!

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भांडाराचं दार आतून लावलं. रीळ काढलं, मशीनवर चढवलं, हेडफोन कानाला लावला. बायकोच्या वाटचं एकदा ऐकावं, एवढाच विचार. आणि पोरीचा आवाज आला. एकटीचा. मागेपुढे कुणी नाही. गाण्यातलं ओ की ठो न कळणारा तो माणूस डबा तसाच ठेवून ढसाढसा रडला. आपण काय करून बसलो, ते त्यांना त्या साडेचार मिनिटांत लख्ख कळलं.

तेव्हाच तिच्याकडे जायचं होतं. जाऊन म्हणायचं होतं, पोरी, चुकलो. पण कुठल्या तोंडाने जाणार? शिवाय आता चिठ्ठीशिवाय रीळ काढलं होतं, ते कुणी? नियमांच्या खांबाने! लाज वाटली. गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लावलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. ती कुठे श्वास घेते, कुठे शब्द जरा लांबवते, सगळं पाठ झालं. अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, एक दुपार चुकली नाही. शेवटी शेवटी आवाज जरा बसल्यासारखा वाटायचा. ते म्हणायचे, आपले कान गेले. वय झालं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, कुलूपराव अठ्ठ्याहत्तरचे असताना, कंपनीतून फोन आला. मालक पुन्हा बदलले होते. जुन्या गाण्यांना आता म्हणे भाव आला होता आणि चौघींचा तो न निघालेला अल्बम निघणार होता. रिळं सापडत नव्हती, जरा येता का? कुलूपराव गेले आणि डोळे मिटून सांगावं तसं सांगितलं, "सातवी मांडणी, वरून दुसरा खण." सापडली!

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. "तुझं गाणं येतंय," म्हणाले. ती म्हणाली, "कधी जायचं?"

बुधवारी दोघं स्टुडिओत गेली. मुलगी आता पंचावन्नची. चांगली साडी नेसून आली होती, केस नीट बांधले होते. कुलूपरावांच्या ते लक्षात आलं. तिथली रेकॉर्डिस्ट तरुण होती, हसतमुख. तिने पहिलं रीळ लावलं. काय आवाज! जणू काल गायल्यात. मुलीच्या ओठांवर हळूच शब्द यायला लागले. दुसरं रीळ लागलं. सहावं, सातवं, आठवं, सगळं खणखणीत.

मग नववं. तोंडावर उशी धरून कुणीतरी गात होतं. चाल ऐकू येत होती, शब्द लागत नव्हते. मधेमधे आवाज गचके खात होता. रेकॉर्डिस्टने बटणं फिरवली, थांबवलं, पुन्हा लावलं. तेच. मुलगी काचेकडे बघत बसली होती.

"ओल लागली असेल का?" शेवटी तिने विचारलं.

"ओल लागली तर सगळ्या रिळाला लागेल ना," रेकॉर्डिस्ट म्हणाली. "इथे शेजारचं गाणं ठणठणीत आहे. हे एवढंच कुणीतरी वाजवून वाजवून झिजवलंय. आणि तेही खराब मशीनवर. टेपला टेकणारं मशीनचं हेड साफ ठेवलं नाही, त्यात साठणारं चुंबकत्व वरचेवर काढलं नाही, की दर वेळी ते टेपवरचं थोडं थोडं पुसत जातं. स्टुडिओत हे आम्ही रोज करतो. टेपवर आहे ते वाढवता येतं मला. गेलंय ते कुठून आणू?"

कुलूपरावांना हे ठाऊकच नव्हतं. टेपा कशा ठेवायच्या ते त्यांना कुणीही विचारावं. वाजवायच्या कशा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कारण ते त्यांचं काम नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. भांडारात नंतर दहा जण येऊन गेले होते, कुणावरही ढकलता आलं असतं. पण तो माणूस तसा नव्हता.

"मी," ते म्हणाले. "मी वाजवलंय."

मुलगी वळली.

"जेवणाच्या सुट्टीत. रोज. तुझी आई गेल्यापासून."

"रोज?"

"अकरा वर्षं."

रेकॉर्डिस्ट बिचारी चहा सांगते म्हणून बाहेर गेली. मुलीने बापाकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत बघितलं नसेल इतकं.

"आवडलं होतं तुम्हाला?"

"फार," कुलूपराव म्हणाले.

"मला वाटायचं, तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत. वाटायचं, ऐकण्यासारखं नसेलच ते, म्हणून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी एकदाच मागितलं होतं, बाबा. एकच कॅसेट. आणि तुम्ही एकट्यानेच ऐकून संपवलंत."

चहा आला. दोघांनीही घेतला नाही.

अल्बम आठ गाण्यांचा निघाला. कंपनीने घरी एक प्रत पाठवली. मुलगी नेहमीसारखी रविवारी औषधं घेऊन आली, पाकीट फोडलं, आतली पुस्तिका चाळली. कुलूपरावांना आता बारीक अक्षर दिसत नसे. शेवटच्या पानाशी ती थांबली.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "'या टेपा इतकी वर्षं जिवापाड जपणारे आमचे जुने भांडारपाल यांचे विशेष आभार.' पुढे तुमचं नाव आहे."

"खोडायला सांग त्यांना."

"छापून झालंय, बाबा." तिने पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली आणि चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात नेले.

कुलूपराव भिंतीला धरून तिच्या मागे गेले. दारात उभं राहून म्हणाले, "तू एकदा म्हणून दाखवशील? नुसतं असंच. इथे."

"मला आता येत नाही ते. पहिली ओळ आठवते, पुढचं गेलं सगळं."

"मला येतं," ते घाईने म्हणाले. "मला सगळं येतं. सांगू?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी सुरुवात केली. चाल त्यांच्या गळ्यात कधी नव्हतीच. मांडणीवरच्या वस्तू मोजाव्यात तसे ते एकेक शब्द सांगत गेले, ती जिथे श्वास घ्यायची तिथे थांबत, ती जिथे लांबवायची तिथे लांबवत. पहिलं कडवं होईपर्यंत ती ओट्याला टेकून ऐकत होती. दुसरं सुरू झालं तेव्हा तिने त्यांच्याकडे पाठ केली, नळ सोडला आणि कप विसळायला घेतले.