आरोंद्यात सापडलेली झांबियाची रेकॉर्ड
बुरशी धरलेल्या पुठ्ठ्याचा वास आला की मला आरोंद्याचं ते खाडीकाठचं घर आठवतं. आफ्रिकेतल्या जुन्या रॉक रेकॉर्ड जमवायचा माझा नाद, त्यापायी मी कुठेही नाक खुपसतो. त्या घरातल्या खलाशाने झांबियाच्या एका बँडची दुर्मीळ रेकॉर्ड आणली होती आणि पुढे सुट्टीवर आलेला असताना तो घरामागच्याच खाडीत बुडाला होता. त्याच्या बायकोने ती रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. "घेवन जावा, पण हयसर वाजवू नकात. सासरो भितर आसा, अजून झिलाची वाट बघता." बुडालेल्या मुलाची वाट! पण मी पडलो जाणकार! चरे तपासायला नकोत? पिशवीतला बॅटरीवरचा प्लेअर काढून हळूच सुई टेकवली. गिटार गुरगुरली, गायक ओरडला आणि नेमकी तिथेच सुई अडकली: "येवा... येवा... येवा..." त्याच्या भाषेत त्याचा अर्थ काय, देव जाणे, आमच्या मालवणीत मात्र ते सरळसरळ बोलावणं. आत खाट करकरली. "इलंय रे झिला, थांब!" म्हणत म्हातारा मागच्या दाराने भरतीच्या पाण्याकडे निघाला. मी सुई उचलून धावलो, मागोमाग सूनही. आम्ही दोघांनी त्याला धरलं तेव्हा पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं, आणि रेकॉर्ड केव्हाच थांबलेली असूनही तो खाडीकडे कान लावून थांबत थांबत ओ देत होता. ती रेकॉर्ड आज माझ्या कपाटात आहे. मित्रांना ऐटीत दाखवतो, पण 'वाजव' म्हणाले की प्लेअर बिघडलाय अशी थाप मारतो. शेवटी माझंही घर किनाऱ्यालाच आहे.